चाचा, अजनी डेपो

अजनीच्या कंटेनर डेपोत रात्रपाळीला
नवा चौकीदार आला.
आधारवर नाव खवळे, वय एकसष्ट, पत्ता पुसटलेला.
डाव्या कानाला भोक आहे, बाळी नाही.
एजन्सीच्या निळ्या शर्टाच्या बाह्या आखूड पडतात
म्हणून घड्याळाच्या पट्ट्याशेजारी
अर्धा नांगर दिसतो, गोंदलेला.
हमालांची पोरं त्याला चाचा म्हणतात.
त्या शब्दाला मराठीत दुसरा अर्थ आहे, दात असलेला,
हे त्यांच्या गावी नाही.

मी पाहताच ओळखलं.
महालातलं वाचनालय, आठवड्याला आठ आणे,
पान सव्वीस :
तोंडात सुरी, मागे जळतं जहाज,
लाल रंग ओठांबाहेर सांडलेला, स्वस्त छपाईचा,
आणि खाली एकच ओळ –
खवळ्या चाचाला दया ठाऊक नव्हती.
मी त्या पानावर वरणाची वाटी ठेवून जेवायची.
वाटीखालून तो बघायचा.

आता तो सील तपासतो.
टॉर्च मारून एकेक आकडा मोठ्यानं वाचतो, बोट ठेवून,
पहिलीतल्या पोरासारखा,
मी रजिस्टरात लिहिते.
मे महिना. रात्री एकलाही पत्र्याला हात लावता येत नाही.
न्हावा-शेव्याहून आलेल्या एखाद्या डब्याच्या कोपऱ्याला
मीठ फुललेलं असतं.
तो इकडेतिकडे बघतो,
बोट फिरवतो, जिभेवर ठेवतो.
"कुठलं?"
"कोलंबोचं. गोडसर असते थे."

मग एका पहाटे तांब्याची तार गेली,
नऊ बंडलं.
डोंगरे साहेब म्हणाले, तोंडच सांगते ना त्याचं.
मी जबाब दिला :
दोन ते चार तो माझ्यासमोर बसला होता,
बूट काढून, आलुबोंडा खात.
साडेतीनपर्यंत बसला होता.
चार मी लिहिलं.

त्यावर तो काही बोलला नाही. दोन रात्री
नुसते आकडे.
तिसऱ्या रात्री, टॉर्च बंद करून :
"शेवटचं पान तूच फाडलं होतं न वं?"

मीच.
आठ वर्षांची होते. दंड भरला आईनं, दोन रुपये,
घरी येईपर्यंत माझा कान सोडला नाही.
त्या पानाची होडी केली
आणि पुलावरून नाग नदीत टाकली,
तेव्हाही तिला नदी म्हणायला जीभ अडखळायची.
होडी एका चपलेला अडली, फिरली, गेली.

"थेच," तो म्हणाला. "म्हणून मी बुडालो नाही.
पान नाही तं बुडतो कसा?
समुद्रात उभा राहिलो बरीच वर्षं, गोष्ट संपायची वाट पाहत.
मंग म्हटलं, होडी जिकडून आली तिकडं जाऊ.
गोदावरी. प्राणहिता. वैनगंगा.
गोसेखुर्दच्या भिंतीपाशी तीन वर्षं अडकलो,
धीवरांच्या हाताखाली जाळी विणली, मार खाल्ला, जेवलो.
मंग कन्हान.
मंग तुमची हे नाग. नाक दाबून आलो, खोटं नाही सांगत."

दूर यार्डात इंजिनानं शिट्टी दिली.
त्यानं मान वर केली, जशी कुत्री करतात,
आणि परत खाली.

"काय लिहिलं होतं त्या पानावर?"

पाठ होतं मला. आजही आहे.
लाट, दोर, सज्जन मुलाचा नेम,
किनाऱ्यावर टाळ्या वाजवणारा गाव,
शेवटी पाण्यावर एक हात.
"वाटाणे-फुटाण्याच्या जाहिराती होत्या," मी म्हटलं.
"आठवत नाही नीट."

तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला,
वाटीखालून बघायचा तसा.
मग उठला. गुडघा वाजला.
पुढच्या डब्याशी जाऊन टॉर्च लावला,
आकडे वाचले, सगळे, सावकाश,
आणि शेवटी म्हणाला,
"सील शाबूत. लिही."

मी लिहिलं.
जाऊन पाहिलं नाही.